ब्लॉकिंग स्कीमची नेमकी भानगड काय? लाईन प्रोटेक्शनवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली त्यामुळे नवीन जेई, डिप्लोमाची पोरं आणि कधीकधी ऑपरेशनवाले मित्रसुद्धा हेच प्रश्न फिरून फिरून पाठवत असतात, आणि दर वेळी मोबाईलवर टाईप करून अंगठा दुखतो. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त थोडे साफ केलेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिसला तर ते तिकडे जाऊन वाचा.

१. सर, ब्लॉकिंग स्कीम म्हणजे सोप्या भाषेत काय? रिलेच ब्लॉक होतो का?

नाही, रिले ब्लॉक होत नाही. लाईनच्या दोन टोकांना दोन डिस्टन्स रिले असतात, म्हणजे व्होल्टेज-करंटवरून फॉल्ट किती लांब आहे ते ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी (ट्रिप देणारी) उपकरणं, आणि त्यांच्यात एक चॅनेल, म्हणजे सिग्नलचा रस्ता असतो. फॉल्ट आपल्या लाईनच्या बाहेर, म्हणजे आपल्या पाठीमागे आहे असं ज्या टोकाला दिसतं ते टोक समोरच्याला ओरडून सांगतं "थांब, तुझा नाही". समोरच्याने ते ऐकलं की तो फास्ट ट्रिप देत नाही. काहीच ऐकू आलं नाही तर थोडं थांबून ट्रिप देतो. मौन म्हणजे संमती म्हणतात ना, अगदी तेच. आणि या स्कीमची सगळी ताकद आणि सगळी दुखणी या एकाच गोष्टीतून येतात, कारण समोरचा गप्प का आहे हे इकडच्याला कळायला मार्ग नसतो. खरंच फॉल्ट लाईनवर आहे म्हणून गप्प आहे की त्याचा घसाच बसलाय?

२. झोन-१ लगेच ट्रिप देतोच की, मग ही स्कीम हवी कशाला?

झोन म्हणजे रिले किती लांबपर्यंत बघतो तो टप्पा. झोन-१ वर तो लगेच ट्रिप देतो, झोन-२ जास्त लांब बघतो पण थांबून देतो. झोन-१ लाईनच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच ठेवतात. सीटीची (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) चूक, सीव्हीटीची (व्होल्टेज मोजणारा) चूक, लाईनच्या इम्पिडन्सचा (ओहममधला एकूण अडथळा) आकडा कागदावर एक आणि प्रत्यक्षात जरा वेगळा, हे सगळं धरून शेवटचे २० टक्के सोडून देतात, नाहीतर पुढच्या बसवरच्या (सबस्टेशनात सगळ्या लाईनी जिथे जोडतात तो वाहक) फॉल्टला आपली लाईन जाईल. आता दोन्ही टोकांनी २०-२० टक्के सोडले की मधल्या ६० टक्क्यांतच दोन्ही बाजू झटकन ट्रिप होतात. टोकाजवळ फॉल्ट असेल तर जवळचं टोक लगेच जातं पण लांबचं टोक झोन-२ च्या टाईमवर, म्हणजे साधारण ३५० मिलिसेकंदांनी जातं.

तेवढं चालत नाही. आपल्याकडे सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरण) ग्रिड स्टँडर्ड्सप्रमाणे ७६५ आणि ४०० केव्हीला फॉल्ट १०० मिलिसेकंदांत आणि २२० व १३२ केव्हीला १६० मिलिसेकंदांत क्लिअर व्हायला हवा. यात ब्रेकरचा वेळही आला. म्हणून दोन टोकांनी आपसात बोलून त्या शेवटच्या २० टक्क्यांचा निकाल लवकर लावायचा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

३. कोण कोणाला सिग्नल देतो ते स्टेप बाय स्टेप सांगा ना, डायग्राम बघून डोकं फिरतं

डायग्राम बाजूला ठेवा. अ आणि ब अशी दोन सबस्टेशनं धरा, मधे लाईन. दोघांकडे पुढे बघणारा झोन-२ आहे जो समोरच्या बसच्या पलीकडेही बघतो, आणि दोघांकडे मागे बघणारा एक रिव्हर्स झोन आहे.

पहिली केस, फॉल्ट लाईनवर पण ब जवळ. अ चा झोन-२ उचलतो, म्हणजे त्याला फॉल्ट दिसतो. ब ला फॉल्ट पुढे दिसतो, तो झोन-१ वर लगेच जातो आणि ब्लॉक पाठवत नाही, कारण त्याच्या रिव्हर्स झोनला काही दिसलेलंच नाही. अ त्याच्या कोऑर्डिनेशन टायमरएवढा वेळ वाट बघतो, ब्लॉक आला नाही, ट्रिप.

दुसरी केस, फॉल्ट ब च्या पलीकडे पुढच्या लाईनवर. अ चा झोन-२ याही वेळी तसाच उचलतो, त्याला फरक कळतच नाही. पण ब ला हा फॉल्ट पाठीमागे दिसतो, ब ब्लॉक पाठवतो, तो अ चा टायमर संपायच्या आत पोचतो, अ थांबतो. तोवर पुढच्या लाईनचा ब्रेकर फॉल्ट तोडतो.

आता एक गोष्ट खूप जणांच्या सुटते. ब्लॉकने फक्त अ चा फास्ट ट्रिप थांबतो. झोन-२ चा नेहमीचा ३५० मिलिसेकंदांचा टायमर मागे चालूच असतो, त्यामुळे पुढचा ब्रेकर अडकला तर अ बॅकअप म्हणून जाणारच. ब्लॉक आला म्हणजे लाईन उघडी पडली असं नाही.

४. आमच्या रिलेत झोन-४ रिव्हर्स आधीपासून आहे, तोच वापरला तर चालेल ना?

सेटिंग बघितल्याशिवाय नाही. आपल्याकडे रिव्हर्स झोन बहुतेक ठिकाणी लोकल बसच्या बॅकअपसाठी ठेवलेला असतो आणि तो लाईनच्या १०-२० टक्के एवढाच असतो. ब्लॉकिंगसाठी नियम साधा आहे, समोरच्याचा झोन-२ माझ्या बसच्या मागे जिथपर्यंत बघतो त्याच्याही पुढे माझा रिव्हर्स झोन बघायला हवा.

आकडे घेऊन बघा. लाईन ४० ओहम. डबल सर्किट (एकाच टॉवरवर दोन लाईनी) आहे म्हणून समोरचा झोन-२ दीडपट, म्हणजे ६० ओहम. म्हणजे तो माझ्या बसच्या मागे २० ओहम बघतोय. आता त्या ६० ला १.२ ने गुणा, ७२ आले, त्यातून लाईनचे ४० वजा करा, ३२ ओहम. रिव्हर्स झोन कमीत कमी ३२ हवा आणि तुमच्या झोन-४ मध्ये १० टक्क्यांचे ४ ओहम बसलेत. मधल्या १६ ओहममध्ये कुठेही फॉल्ट पडला की समोरच्याला दिसेल, मला दिसणार नाही, मी गप्प, तो ट्रिप.

आणि फक्त रिअॅक्टिव्ह रीच (एक्स, झोनची लांबी) बघून थांबू नका, रेझिस्टिव्ह रीचसुद्धा (आर, झोनची रुंदी) समोरच्या झोन-२ पेक्षा रुंद हवा. मी तपासलेल्या सेटिंगमध्ये एक्स बरोबर आणि आर अरुंद असं बऱ्याचदा सापडलंय. आर वाढवताना लोड आत येत नाही ना तेही बघायचं.

५. कोऑर्डिनेशन टायमर किती ठेवू? शेजारच्या सबस्टेशनला २० आहे, आपणही २० ठेवला तर?

कॉपी करू नका. टायमरमध्ये तीन गोष्टी बसायला हव्यात, एक म्हणजे चॅनेलला लागणारा जास्तीत जास्त वेळ, दुसरी समोरचा रिव्हर्स झोन माझ्या फॉरवर्ड झोनपेक्षा उशिरा उचलत असेल तर तो फरक, आणि तिसरी थोडी मार्जिन. उदाहरणार्थ चॅनेल १५, फरक १०, मार्जिन १०, झाले ३५ मिलिसेकंद. तुमचं चॅनेल वेगळं असेल तर आकडा वेगळा.

मग ५० ठेवून निवांत का नाही राहायचं? कारण हा वेळ प्रत्येक खऱ्या फॉल्टला मोजावा लागतो. ४०० केव्हीला रिले २०, टायमर ३५, ब्रेकर ४०, बेरीज ९५. शंभरच्या आत कसंबसं. टायमर ५० केला तर ११० होतात आणि प्रश्न २ मधली मर्यादा गेली. २२० ला ब्रेकरचे ६० धरले तरी जागा बऱ्यापैकी उरते, तिथे एवढी ओढाताण नाही. ब्लॉकिंग ही स्वभावानेच थोडी सावकाश स्कीम आहे, तिला आधी कान देऊन ऐकावं लागतं.

६. पीयूटीटी, पीओटीटी आणि ब्लॉकिंग यात नक्की फरक काय? आणि आपल्याकडे ब्लॉकिंग फारशी का दिसत नाही?

पीयूटीटी आणि पीओटीटी या दोन्ही परमिसिव्ह, म्हणजे परवानगीवर चालणाऱ्या स्कीम. त्यात समोरच्याने "हो, जा" म्हटल्याशिवाय फास्ट ट्रिप नाही. पीयूटीटीमध्ये समोरचा झोन-१ मध्ये फॉल्ट दिसला की परवानगी पाठवतो, पीओटीटीमध्ये पुढे बघणाऱ्या ओव्हररीच झोनवर (लाईनच्या टोकापलीकडेही बघणारा) पाठवतो. ब्लॉकिंगमध्ये "नको" म्हटलं तरच थांबायचं.

चॅनेल मेलं तर काय होतं यात खरा फरक आहे. परमिसिव्हमध्ये चॅनेल मेलं की परवानगी येत नाही, लाईन झोन-२ च्या टाईमवर उशिरा जाते, पण नको तिथे जात नाही. ब्लॉकिंगमध्ये चॅनेल मेलं तरी लाईनवरच्या फॉल्टला ट्रिप वेळेवर मिळतो पण शेजारच्या फॉल्टलाही आपली लाईन जाते. एकात ट्रिप चुकण्याची भीती आणि दुसऱ्यात जास्तीच्या ट्रिपची.

आपल्याकडे परंपरेने लांब लाईनला पीयूटीटी आणि छोट्या लाईनला पीओटीटी असा रिवाज आहे. एका फॉल्टला तीन लाईनी गेल्या तर त्याचा रिपोर्ट लिहीत बसण्यापेक्षा एक लाईन जरा उशिरा गेलेली परवडते असा एकूण विचार, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो पटतो. अमेरिकेत मात्र पॉवर लाईन कॅरिअरवर ब्लॉकिंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. तिथे काम करणारी आपली मंडळी फोन करून "इथे सगळं उलटं आहे" म्हणतात ते यावरूनच.

७. पीएलसीसीचा सिग्नल लाईनवरूनच जातो, मग त्याच लाईनवर फॉल्ट पडल्यावर सिग्नल मरत नाही का?

मरू शकतो, आणि ब्लॉकिंगचा जन्मच या प्रश्नातून झालाय असं म्हटलं तरी चालेल. पीएलसीसीमध्ये, म्हणजे प्रश्न ६ मधल्या पॉवर लाईन कॅरिअरमध्ये, साधारण ४० ते ५०० किलोहर्ट्झचा सिग्नल कपलिंग कपॅसिटर किंवा सीव्हीटीमधून लाईनवर सोडतात, आणि तो बसकडे पळून जाऊ नये म्हणून टोकाला वेव्ह ट्रॅप लावतात. यार्डात लाईनच्या तोंडाशी जो मोठा पिंपासारखा कॉईल टांगलेला किंवा उभा केलेला दिसतो तोच.

आता लाईन तुटली किंवा जमिनीला टेकली तर सिग्नल कमजोर पडतो किंवा गायब होतो. परमिसिव्हला हे अडचणीचं आहे, कारण तिथे नेमका लाईनवर फॉल्ट असतानाच सिग्नल पोचायला हवा. ब्लॉकिंगला फरक पडत नाही. ब्लॉक पाठवायची वेळ येते ती फॉल्ट लाईनच्या बाहेर असताना, म्हणजे तेव्हा आपली लाईन धडधाकट असते. आणि फॉल्ट लाईनवर असताना सिग्नल नकोच असतो. ज्या काळी दुसरं चॅनेल परवडत नव्हतं तेव्हा ही युक्ती ज्याला सुचली त्याला मानलं पाहिजे.

८. अनब्लॉकिंग म्हणजे ब्लॉकिंगच्या उलट का?

नावाने फसता. अनब्लॉकिंग ही मुळात परमिसिव्ह स्कीम आहे, तिला प्रश्न ७ मधल्या दुखण्यावर औषध दिलंय. चॅनेलवर गार्ड टोन सतत चालू असतो, परवानगी द्यायची झाली की तो बदलून ट्रिपचा टोन जातो. समजा फॉल्ट पडला आणि गार्ड गेला पण ट्रिपचा टोनही आला नाही, तर रिले समजतो की सिग्नल फॉल्टमध्येच मेला असावा, आणि साधारण १५० मिलिसेकंद परवानगी मिळाली असं धरून चालतो. त्या वेळात झोन-२ उचललेला असेल तर ट्रिप. खिडकी संपली की स्कीम बंद, गार्ड परत येईपर्यंत. उगाच केबल तुटून गार्ड गेला असेल तर त्या क्षणी झोन-२ उचललेला नसतो त्यामुळे काही होत नाही.

९. ब्लॉकिंगचं चॅनेल फेल झालंय हे कळतं कसं?

बऱ्याचदा पुढच्या पावसाळ्यात कळतं! चेष्टा नाही. ऑन-ऑफ कॅरिअरमध्ये एरवी चॅनेलवर काहीच नसतं, फॉल्टलाच कॅरिअर चालू होतो. म्हणजे ट्रान्समीटर महिनाभर बंद पडलाय आणि कोणालाच पत्ता नाही असं होऊ शकतं. म्हणून चेकबॅक टेस्ट लावतात, ठरलेल्या वेळी एक टोक आपोआप कॅरिअर पाठवतं, समोरचं उत्तर देतं, उत्तर आलं नाही तर अलार्म. तो अलार्म आला तर स्कीम बाहेर काढायची, म्हणजे लाईन साध्या झोन-१, झोन-२ वर चालेल. उशिरा जाईल पण शेजाऱ्यासाठी जाणार नाही.

चॅनेल ठणठणीत असूनही समोरचा मुका होऊ शकतो, हे जास्त महत्त्वाचं. समजा प्रश्न ३ मधल्या ब ला सीव्हीटीचा फ्यूज गेला, व्हीटी फ्यूज फेल (व्होल्टेज गेल्याचा इशारा) आलं, रिलेने आपले सगळे डिस्टन्स झोन बंद केले, त्यात रिव्हर्स झोनपण गेला. आता ब ला मागचा फॉल्ट दिसणार नाही, तो ब्लॉक पाठवणार नाही, आणि ट्रिप होईल अ ला. फ्यूज ब चा, लाईन गेली अ वरून, आणि अ चा माणूस रात्रभर स्वतःच्या रिलेत चूक शोधत बसतो.

मी स्वतः पाहिलेला एक किस्सा. एका टोकाला रिले टेस्टिंगला घेतला होता, लाईन दुसऱ्या मेन रिलेवर चालू ठेवलेली, आणि समोरच्या टोकाला कोणी फोन करून त्या रिलेची स्कीम काढायला सांगितलंच नाही. दुपारी शेजारच्या लाईनवर झाड पडलं, ती लाईन तर गेलीच, वर आमचीही समोरून गेली. त्यानंतर मी टेस्ट प्लग घालायच्या आधी पहिला फोन समोर करतो. चहा नंतर.

१०. इव्हेंट लॉगमध्ये ब्लॉक आलेला दिसतोय, तरी ट्रिप झाला. रिले खराब आहे का?

डीआर (फॉल्टच्या वेळचं रेकॉर्डिंग) मोठा करून बघा, ब्लॉक मधेच काही मिलिसेकंद गायब झालेला दिसेल. याला कॅरिअर होल म्हणतात. बाहेरच्या फॉल्टच्या धक्क्याने कपलिंग डिव्हाईसमधला स्पार्क गॅप किंवा अरेस्टर उडतो, तेवढ्यापुरता कॅरिअर जमिनीत जातो, रिलेला वाटतं ब्लॉक संपला, दिला ट्रिप.

तात्पुरता उपाय म्हणजे आलेला ब्लॉक गेल्यावरही थोडा वेळ धरून ठेवायचा टायमर. पण तो वाढवत नेऊ नका, बाहेरचा फॉल्ट पसरून लाईनवर आला तर तेवढाच उशीर होईल. खरा उपाय यार्डात आहे, गॅप, अर्थिंग, कोअॅक्स केबलचे जॉईंट तपासा. सेटिंग बदलून हार्डवेअर दुरुस्त होत नाही हे मी दर वर्षी एकदा तरी कोणाला तरी सांगतो.

११. समोरचा सोर्स कमजोर आहे किंवा समोरचा ब्रेकर ओपन आहे, तर स्कीम चालेल?

इथे ब्लॉकिंगचा हात कोणी धरू शकत नाही. समोरून काही लागतच नाही ना. समोरचा ब्रेकर ओपन, करंट नाही, रिव्हर्स झोन उचलत नाही, ब्लॉक येत नाही, तुमचा टोक टायमरनंतर ट्रिप. पीओटीटीमध्ये याच्यासाठी इको लॉजिक (आलेला सिग्नल तसाच परत पाठवणारं) लागतं.

पण कमजोर टोक स्वतः ट्रिप होत नाही, त्याला फॉल्ट दिसतच नाही. त्यासाठी व्होल्टेज पडल्यावर चालणारं वीक इनफीड लॉजिक किंवा सरळ डायरेक्ट ट्रान्सफर ट्रिप द्या, विशेषतः ऑटोरिक्लोज (ब्रेकर आपोआप परत लागणं) असेल तर, नाहीतर ते टोक आर्कला थोडं थोडं खाऊ घालत बसतं.

सोलर आणि विंड प्लांटच्या लाईनींवर वेगळीच गंमत आहे. इन्व्हर्टर फॉल्ट करंट फार देत नाही आणि देतो त्याचा अँगल त्याच्या कंट्रोलप्रमाणे असतो, जनरेटरसारखा नसतो. त्यामुळे दिशा ठरवणारं एलिमेंट गोंधळू शकतं, लाईनवरच्या फॉल्टला "मागे आहे" म्हणालं की ब्लॉक गेला आणि चांगलं टोकसुद्धा अडकलं. तिथे मी तरी ब्लॉकिंग सुचवणार नाही.

१२. डबल सर्किटवर एक लाईन ट्रिप झाली की दुसरी चांगली लाईनपण जाते. असं का?

बहुतेक करंट रिव्हर्सल. सावकाश वाचा, एकदा समजलं की विसरत नाही.

अ आणि ब मध्ये लाईन-१ आणि लाईन-२. फॉल्ट लाईन-१ वर, ब जवळ. अ चा सोर्स लाईन-२ मधूनसुद्धा ब च्या बसवर जाऊन तिथून फॉल्टला करंट देतोय, म्हणजे लाईन-२ मध्ये करंट अ कडून ब कडे. लाईन-२ च्या अ टोकाला फॉल्ट पुढे दिसतो, ब टोकाला मागे दिसतो, ब टोक ब्लॉक पाठवतं, सगळं नीट. आता लाईन-१ चा ब कडचा ब्रेकर आधी उघडला. फॉल्टला आता फक्त अ कडूनच रस्ता आहे, आणि लाईन-२ मधला करंट एका झटक्यात उलटा, ब कडून अ कडे. ब टोकाला फॉल्ट आता पुढे दिसतो, त्याने ब्लॉक थांबवला, पण अ टोकाचा फॉरवर्ड झोन अजून रिसेट झालेला नाही. ब्लॉक नाही, झोन-२ उचललेला, ट्रिप. किंवा ब चा फॉरवर्ड उचलला आणि अ कडून ब्लॉक यायला उशीर झाला, तरी ट्रिप.

उपाय रिलेतच असतो, रिव्हर्स झोन पडल्यावरही ब्लॉक थोडा वेळ पाठवत राहायचा आणि ज्याने आत्ताच मागे फॉल्ट पाहिलाय त्याने लगेच पुढचा ट्रिप द्यायचा नाही. सेटिंगचं नाव कंपनीगणिक वेगळं, पण रिव्हर्सल गार्ड किंवा ट्रान्झियंट ब्लॉक असं काहीतरी असतं. फॅक्टरीतून ते शून्य आलेलं असेल तर तुम्हालाच भरायचंय.

१३. झाडाला टेकून होणारा अर्थ फॉल्ट डिस्टन्सला दिसत नाही, तो ब्लॉकिंगमध्ये घेता येतो का?

येतो, डायरेक्शनल अर्थ फॉल्ट एलिमेंट त्याच चॅनेलवर जोडायचं, पुढे दिसला तर वाट बघून ट्रिप, मागे दिसला तर ब्लॉक. नियम प्रश्न ४ सारखाच, ब्लॉक पाठवणारं एलिमेंट समोरच्या ट्रिप एलिमेंटपेक्षा जास्त सेन्सिटिव्ह हवं.

सापळा टक्क्यांत आहे. एका टोकाला सीटी ८००/१, फॉरवर्ड २० टक्के, म्हणजे प्रायमरी (लाईनवरचे खरे) १६० अँपिअर. दुसऱ्या टोकाला १२००/१, रिव्हर्स १५ टक्के. कागदावर १५ हे २० पेक्षा कमी म्हणून सगळे खूश, पण प्रायमरीत ते १८० अँपिअर आहे! म्हणजे १६० ते १८० च्या मधला फॉल्ट एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही. तुलना नेहमी प्रायमरीत करा. डबल सर्किटला झिरो सिक्वेन्सचं म्युच्युअल कपलिंग (शेजारच्या लाईनमधल्या अर्थ फॉल्ट करंटचा परिणाम) दिशेला फसवू शकतं, तिथे निगेटिव्ह सिक्वेन्सवर (तीन फेजमधल्या असमतोलाचा भाग) दिशा ठरवलेली बरी.

१४. बसबार प्रोटेक्शन चाललं, लोकल ब्रेकर उघडला, तरी समोरचं टोक ३५० नंतर गेलं. का?

फॉल्ट ब्रेकर आणि सीटीच्या मधल्या हातभर जागेत असणार. सीटी ब्रेकरच्या लाईन बाजूला असेल तर लाईनच्या रिलेला हा फॉल्ट मागे दिसतो, बसबार प्रोटेक्शनला तो आपल्या झोनमध्ये दिसतो. बसबारने ब्रेकर उघडला, पण फॉल्ट ब्रेकरच्या पलीकडे आहे, समोरचं टोक त्याला खाऊ घालतंच आहे. आणि आपला रिले मागे फॉल्ट बघून इमानदारीत ब्लॉक पाठवतोय. समोरचा बिचारा थांबून राहतो.

म्हणून बसबार ट्रिपच्या कॉन्टॅक्टने ब्लॉक थांबवायचा आणि समोर डायरेक्ट ट्रिप पाठवायची. हे वायरिंग ड्रॉईंगमध्ये आहे का ते बघा, ड्रॉईंगमध्ये असेल तर पॅनेलमध्ये आहे का तेही बघा.

१५. पॉवर स्विंग ब्लॉकिंग म्हणजे हीच स्कीम का? २०१२ च्या ब्लॅकआऊटशी याचा संबंध आहे का?

नाही. पॉवर स्विंग म्हणजे फॉल्ट नसताना ग्रिडमधली पॉवर हेलकावे खाणं, त्याच्या ब्लॉकिंगला चॅनेल लागत नाही. रिले स्वतःच इम्पिडन्स किती वेगाने सरकतोय ते बघतो, फॉल्टला तो उडी मारतो, स्विंगला रांगत येतो, आणि रांगत आला तर रिले स्वतःचेच झोन अडवतो. ट्रान्सफॉर्मरचं सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग, ऑटोरिक्लोज ब्लॉक, हे सगळे वेगळे, फक्त आडनाव एक.

३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर लाईन झोन-३ वर गेली, फॉल्ट नव्हता, लोडच इतका वाढला की तो झोन-३ मध्ये घुसला, आणि उत्तरेची ग्रिड बसली. ३१ तारखेला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. झोन-३ हा टाईमवर चालणारा बॅकअप, तो कॅरिअर स्कीमला विचारत नाही, त्यामुळे ब्लॉकिंग असती तरी ती ट्रिप थांबली नसती. तो विषय लोड एनक्रोचमेंटचा.

१६. टी-ऑफ लाईनला ब्लॉकिंग लावता येते का?

येते. टी-ऑफ म्हणजे मधून तिसरा फाटा निघालेली लाईन, तिघांपैकी कोणीही ब्लॉक पाठवला की बाकीचे दोघं थांबतात. तिसऱ्या टोकाच्या इनफीडमुळे झोन-२ कमी बघतो म्हणून तो मोठा ठेवावा लागतो आणि मग प्रश्न ४ चं गणित तिन्ही बाजूंनी करा. फक्त एक बघा, लाईनवरच्या फॉल्टला एखाद्या टोकातून करंट बाहेर जात असेल तर ते टोक चुकीचा ब्लॉक पाठवेल. अशा जागी स्टडी केल्याशिवाय हात घालू नका.

१७. एका टोकाला जुना रिले, दुसऱ्याला नवा न्यूमेरिकल, चालेल?

परमिसिव्हला बऱ्यापैकी चालून जातं, ब्लॉकिंगला जपून. नवा रिले पटकन पुढे बघतो आणि जुना सावकाश मागे बघतो, म्हणजे प्रश्न ५ मधला दुसरा आकडा फुगतो. शिवाय दोघांच्या झोनचे आकार वेगळे, एकाचा गोल, एकाचा चौकोनी, चौकोनाचा कोपरा गोलाच्या बाहेर राहतो आणि फॉल्ट नेमका त्याच कोपऱ्यात पडतो. दोन्ही टोकं एकदम बदला म्हणून लिहून द्या, मंजूर होईपर्यंत टायमर वाढवून चालवा.

१८. टेस्ट कशी करायची? एका टोकाला इंजेक्ट करून पुरेसं आहे का?

एका टोकाला फक्त लॉजिक तपासलं जातं. ही स्कीम म्हणजे दोन टोकांमधली शर्यत आहे, त्यामुळे जीपीएसने सिंक केलेले दोन टेस्ट सेट लावून दोन्हीकडे एकाच क्षणी फॉल्ट द्यायला हवा. बाहेरचा फॉल्ट दोन्ही दिशांना, आतला फॉल्ट, आणि डबल सर्किट असेल तर करंट उलटवून. "ट्रिप नाही झाला, ओके" एवढं लिहून फाईल बंद करू नका, ब्लॉक टायमर संपायच्या किती आधी पोचला ते मिलिसेकंदात लिहा. दोन मिलिसेकंद उरले असतील तर तो पास नाही, नशीब आहे.

आणि ट्रान्सफर बसवाल्या सबस्टेशनात लाईन ट्रान्सफरवर घेतल्यावर ट्रिप आणि कॅरिअरचे कॉन्टॅक्ट बरोबर वळतात का ते एनआयटी (नॉर्मल-इंटरमीजिएट-ट्रान्सफर) स्विच फिरवून एकदा बघाच. हे कोणी बघत नाही.

१९. आता ओपीजीडब्ल्यू आलं, लाईन डिफरेन्शियल आलं, मग हे शिकायचंच कशाला?

जिथे फायबर आहे (ओपीजीडब्ल्यू म्हणजे टॉवरच्या वरच्या अर्थ वायरमधलं फायबरच) तिथे डिफरेन्शियल, म्हणजे दोन टोकांचे करंट थेट ताडून बघणारं प्रोटेक्शन लावा, मी कशाला अडवू. आणि फायबरवर कॅरिअर स्कीमच हवी असेल तर पीओटीटी घ्या, कारण सिग्नल फॉल्टमधून जातच नाही आणि ब्लॉकिंगचा मुख्य फायदा तिथे उरत नाही. पण फायबर तुटलं की डिफरेन्शियल आपोआप बाहेर जातं आणि लाईन परत डिस्टन्सवर येते, आणि तेव्हा पीएलसीसीवर जे काही जोडलेलं असेल तेच चालणार. त्या रात्री शिफ्टला तुम्हीच असाल.

२०. ११ केव्ही पॅनेलमध्येपण कोणीतरी रिव्हर्स ब्लॉकिंग म्हणत होतं, ते काय?

कल्पना तीच, जागा छोटी. आउटगोइंग फीडरच्या रिलेने फॉल्ट पाहिला की तो इनकमरला (पॅनेलला पुरवठा आणणारा ब्रेकर) ब्लॉक देतो. कोणत्याच फीडरने पाहिला नाही आणि इनकमरने पाहिला, म्हणजे फॉल्ट बसवर, इनकमर लगेच जातो. साध्या वायरीने किंवा गूज मेसेजने (रिलेंमधला नेटवर्कवरचा झटपट संदेश) होतं. एखादा फीडर रिले बंद असेल तर काय होईल ते प्रश्न ९ वाचून तुम्हीच सांगा.